पिल्लाचा म्होरक्या कोण?
श्वानशिक्षणाच्या तीन पुस्तकांविषयी

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की त्याच्या पाठोपाठ सल्लेही येतात. ‘पहिल्या दिवसापासून धाकात ठेवा.’ ‘घाण केली की तिथेच नाक घासा, पुन्हा करणार नाही.’ ‘आधी तुम्ही जेवा, मग त्याला घाला; नाहीतर ते स्वतःला घरचा मालक समजेल.’ याच्या अगदी उलट, ‘कधीही रागावू नका, नुसता खाऊ देत राहा’ असे सांगणारेही भेटतात. सल्ला देणारा स्वतःचा अनुभव म्हणून बोलत असतो. पण यांतले बरेचसे विचार मुळात पुस्तकांतून निघून, तोंडोतोंडी झिरपत आपल्यापर्यंत आलेले आहेत. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी कोणता प्राणी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत पाहिला होता, हे मात्र सल्ल्याबरोबर येत नाही.

या लेखात आम्ही अशी तीन पुस्तके तपासायला घेतली आहेत. तिन्ही गाजलेली आहेत आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांतील श्वानशिक्षणावर तिन्हींचा ठसा आहे. शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. शिकणे म्हणजे काय, शिक्षेने नेमके काय साधते आणि निसर्गातला एखादा दाखला कितपत ताणावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ही पुस्तके ठामपणे देतात. ती उत्तरे पुराव्यावर कितपत टिकतात हे पाहणे विज्ञान शिकवणाऱ्याच्या कामाचे आहे.

मोस्ट यांची शिस्त

पहिले पुस्तक जर्मन आहे. कोनराड मोस्ट हे जर्मनीतील पोलीस अधिकारी. १९०६ सालापासून ते पोलिसी कामासाठी कुत्रे तयार करू लागले आणि १९१० साली त्यांचे श्वानशिक्षणावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद १९५४ साली ‘ट्रेनिंग डॉग्ज’ या नावाने निघाला.

या पुस्तकाची थोरवी आधी मान्य केली पाहिजे. कुत्रा माणसासारखा विचार करतो, त्याला कर्तव्य कळते, तो मुद्दाम सूड घेतो, असल्या समजुती मोस्ट यांनी बाजूला सारल्या. एखाद्या कृतीनंतर लगेच जे घडते त्यावरून ती कृती वाढते किंवा कमी होते, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून हेच तत्त्व निघाले होते आणि पुढे स्किनर यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. मोस्ट यांनी ते कुत्र्यांच्या मैदानावर वापरून दाखवले.

पण त्यांच्या पद्धतीचा दुसरा खांब सक्तीचा होता. माणूस आणि कुत्रा यांच्यात वरचढपणाचा प्रश्न येतोच आणि तो प्रसंगी शारीरिक बळानेच निकालात काढावा लागतो, असे ते मानत. गळपट्टा ओढला की गळा आवळतो. कुत्रा पायाशी आला की पट्टा सैल होतो. त्रास थांबला म्हणून कुत्रा पायाशी राहायला शिकतो. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी यालाच शिक्षा समजतात, ते बरोबर नाही. शिक्षेने कृती कमी होते; नकारात्मक प्रबलनात त्रास काढून घेतल्याने कृती वाढते. अर्थात, काढून घेण्यासाठी त्रास आधी द्यावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

मोस्ट यांचे कुत्रे पोलिसी कामाचे होते आणि शिकवणारे हात सरावाचे होते. पट्टा कोणत्या क्षणी ओढायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा, हे त्यांना अचूक कळत असे. घरातला माणूस हे कौशल्य आणणार कुठून? तो दुपारी कामावरून येतो, कुरतडलेली चप्पल पाहतो आणि झोपलेल्या पिल्लाला उठवून मारतो. चप्पल कुरतडून दोन तास झालेले असतात. मालक दारात येण्याच्या क्षणी मार बसतो, आणि पिल्लाला जोडता येते ते तेवढेच.

‘पण त्याला कळते की! बघा, कसा अपराधी चेहरा करतो,’ असे यावर हमखास सांगितले जाते. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली या अपराधी चेहऱ्याचीच परीक्षा घेतली. १४ कुत्र्यांना मालकाने खाऊला तोंड लावू नको असे बजावले आणि तो खोलीबाहेर गेला. परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाऊ खाल्ला किंवा खाल्ला नाही असे सांगण्यात येई. पण हे सांगणे कधी खरे असे, कधी खोटे. मान खाली घालणे, नजर चुकवणे, शेपूट पायांत घेणे या खुणा मालक रागावला की वाढत. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो तो मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद होता. नाक घासण्याच्या सल्ल्याचा पायाच इथे ढासळतो.

लांडग्यांचा दाखला

दुसरे पुस्तक ‘हाउ टु बी युअर डॉग्ज बेस्ट फ्रेंड’. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट या ख्रिस्ती मठात राहणारे साधू जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करीत आणि लोकांचे कुत्रेही शिकवून देत. १९७८ साली त्यांनी हे पुस्तक लिहिले. त्याचा सूर प्रेमळ आहे. कुत्र्याला समजून घ्या, त्याला एकटे डांबू नका, त्याच्याबरोबर राहा, हे त्याचे मुख्य सांगणे आहे. लोकांनी मात्र त्यातले एकच तंत्र उचलले. गंभीर खोडी केल्यास कुत्र्याची मान पकडून त्याला उताणे पाडावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहावे. कळपाचा म्होरक्या लांडगा असेच करतो आणि कुत्रा हा मुळात लांडगाच आहे, असे त्यामागचे कारण दिलेले होते.

हा म्होरक्या आला कुठून? रुडोल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कोंडलेल्या कळपात एक नर आणि एक मादी इतरांवर सतत वर्चस्व गाजवतात आणि त्यासाठी भांडणे होतात, असे त्यांनी नोंदवले. निरीक्षण प्रामाणिक होते. ते कोणत्या लांडग्यांचे होते, ही बाब पुढे वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटली. माणसांनी एका आवारात एकत्र ठेवलेले आणि दूर निघून जायला जागाच नसलेले ते प्राणी होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० साली ‘द वुल्फ’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात म्होरक्याची ही कल्पना घेतली आणि ती जगभर पोहोचली. पुढे १९८६ सालापासून मेक दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर जाऊ लागले. तिथले लांडगे माणसाला बुजत नसल्याने त्यांना जवळून पाहता आले. तिथला कळप म्हणजे एक कुटुंब होते. आईबाप आणि त्यांची एक-दोन वेतांची पिल्ले. पिल्ले मोठी झाली की जोडीदार शोधायला निघून जात. म्होरकेपण मिळवण्यासाठी लढती होत नव्हत्या. आईबाप हे आईबाप म्हणूनच पुढे चालत होते. १९९९ साली मेक यांनी हे शोधनिबंधात मांडले आणि जंगलातल्या कळपासाठी ‘आल्फा’ हा शब्द वापरणे सोडून द्यावे असे सुचवले. स्वतःच्याच जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी अशी विनंती ते प्रकाशकाला करीत राहिले. ती छपाई थांबली २०२२ साली.

आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. नमते घेणारा लांडगा स्वतःहून उताणा होतो. दुसरा त्याला धरून पाडीत नाही. पुस्तकाने शरणागतीची खूण उचलली आणि तिचे हत्यार केले. शिवाय कुत्रा माणसाबरोबर राहू लागल्याला किमान पंधरा हजार वर्षे झाली आहेत. लांडगा त्याचा पूर्वजबंधू असला तरी पिल्लाच्या संगोपनासाठी लांडग्याकडे बोट दाखवणे म्हणजे आपल्या बालवाडीची घडी चिंपांझींकडे पाहून बसवण्यासारखे आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. प्राण्यांमध्ये वर्चस्व नसतेच, असे आमचे म्हणणे नाही. दोन कुत्र्यांत हाडकावर पहिला हक्क कोणाचा, हे ठरलेले असू शकते. मात्र फरशीवर शू करणारे, पायजमा ओढणारे, हाक मारली तरी न येणारे पिल्लू सत्तेसाठी झगडत आहे, असे मानायला आधार नाही. त्याला मूत्राशयावर ताबा आलेला नाही, त्याचे दात शिवशिवताहेत आणि ‘ये’ या शब्दाचा अर्थ त्याला अजून ठाऊक नाही, एवढी कारणे पुरेशी आहेत.

न्यू स्कीटच्या साधूंच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २००२ सालच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी उताणे पाडण्याचा सल्ला मागे घेतला आणि तसे करू नका असे स्पष्ट लिहिले. चूक छापील शब्दांत मागे घेणारे लेखक थोडे असतात. पण सल्ला पसरायला लागतो त्याहून तो मागे घेतल्याची बातमी पसरायला फार वेळ लागतो. आजही हा उपाय सांगितला जातो, दाखवला जातो. आणि माणसाचा चेहरा घाबरलेल्या कुत्र्याच्या जबड्याशी नेणारा हा उपाय घरातली मुले पाहून करू लागतात.

डॉल्फिनकडून आलेला धडा

तिसरे पुस्तक कॅरन प्रायर यांचे ‘डोन्ट शूट द डॉग!’, प्रकाशन १९८४. नावात कुत्रा असला तरी ते कुत्र्यांविषयी फारसे नाही. प्रायर हवाई बेटांवरील एका सागरी उद्यानात डॉल्फिन शिकवीत असत. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही, ओढता येत नाही, आणि रागावले तर तो पोहत दूर जातो. त्यामुळे शिकवणाऱ्यापाशी बक्षीस हे एकच साधन उरते. मासा फेकून तो तोंडात पडेपर्यंत काही क्षण जातात आणि तेवढ्यात डॉल्फिन दुसरेच काही करू लागतो. म्हणून हवी ती कृती घडताच शिट्टी वाजवायची आणि मग मासा द्यायचा. ‘आत्ता केलेस ते बरोबर’ ही बातमी शिट्टी वेळेवर पोहोचवते. कुत्र्यासाठी हेच काम टिकटिक वाजणारी डबी करते किंवा ‘छान’ असा ठरावीक शब्द करतो. स्किनर यांनी १९५१ सालीच ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातून ही रीत सामान्य वाचकांना समजावून दिली होती. ती घराघरांत नेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी प्रायर यांना जाते.

पुस्तकाचा मोठा गुण असा की ते शिकवणाऱ्याला स्वतःकडे पाहायला लावते. पिल्लू बसत नसेल तर पायरी फार उंच ठेवली का, बक्षीस उशिरा पोहोचले का, घरात एक जण ‘बस’ आणि दुसरा ‘सिट’ म्हणतो का, हे आधी तपासायचे. आपल्याकडे कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायची रीत पडली आहे. पिल्लाला भाषेचे काही नाही. शब्द मात्र घरभर एकच हवा.

तरीही या पुस्तकावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की बक्षिसाचे नियम सगळ्या प्राण्यांना सारखेच लागू पडतात, असा समज ते वाचून होतो. स्किनर यांचेच विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९६१ साली याला छेद देणारे अनुभव प्रसिद्ध केले. डुकराला नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवले होते. काही काळाने ते नाणे खाली टाकून नाकाडाने उकरू लागले. रॅकून नाणी एकमेकांवर घासत बसे. अशाने खाणे मिळायला उशीर होई, तरी ही वागणूक वाढतच गेली. प्राण्याची जात आपले म्हणणे पुढे रेटते. पिल्लाचे चावणे, हुंगणे, धावत्या वस्तूमागे पळणेही त्याच प्रकारचे आहे. ते पुसून टाकता येत नाही. चपलेऐवजी चघळायला दुसरे काही देऊन त्याला वाट करून द्यावी लागते.

बक्षीस म्हणजे बिस्किटच, असेही नाही. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने काहींना वारंवार खाणे दिले, तर काहींना थोपटले. पुनःपुन्हा भेटी झाल्यावर थोपटणाऱ्या माणसावर कुत्र्यांचा विश्वास अधिक बसल्याचे दिसले. ज्यांना रोजच्या अन्नाची भ्रांत, त्या कुत्र्यांचा हा कौल आहे.

वयाचे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कसे शिकवावे हे प्रायर यांचे पुस्तक उत्तम सांगते. केव्हा, याबद्दल त्यात फारसे काही नाही. मोस्ट यांचे लक्ष तर कामाच्या कुत्र्यावरच आहे. न्यू स्कीटच्या साधूंनी पिल्लांवर १९९१ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात पिल्लाच्या वाढीच्या टप्प्यांना मानाचे स्थान दिले, हे त्यांचे मोठे काम आहे. नव्या पिल्लाच्या बाबतीत पद्धतीच्या वादाइतकाच हा प्रश्न मोलाचा आहे.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात पिल्ले माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत, म्हणजे २, ३, ५, ७ किंवा ९ आठवड्यांची झाल्यावर, एकेका गटाला आठवडाभर माणसांत आणले. काही पिल्लांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्ले पुढेही माणसाला घाबरत राहिली. त्याच प्रयोगशाळेतील स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ सालच्या ग्रंथात पाच जातींच्या कुत्र्यांवरील दीर्घ अभ्यास आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा असतो, असे त्यातून पुढे आले. या काळात निर्धास्तपणे भेटलेल्या गोष्टी पिल्लाला आपल्या वाटतात.

‘सहा महिन्यांचे होऊ द्या, मग शिकवू’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. सहाव्या महिन्यापर्यंत हे दार बरेचसे लोटले गेलेले असते. छत्री उघडणारा माणूस, कुकरची शिट्टी, रिक्षा, काठी टेकत येणारे आजोबा, पळणारी मुले यांची ओळख त्याआधीच व्हायला हवी. तीही पिल्लाला घाबरवून नव्हे, दुरून आणि हळूहळू. लसी पूर्ण होईपर्यंत आजाराची भीती असते, ती खरी आहे. पण पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो, लसी टोचलेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी भेट घालता येते. नेमक्या याच आठवड्यांत धाकाचा प्रयोग झाला, तर माणसाचा हात म्हणजे संकट, ही त्या पिल्लाची पहिली शिकवण ठरते.

पुरावा काय म्हणतो?

धाकाच्या आणि बक्षिसाच्या पद्धतींची तुलना आता पुष्कळ झाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुचिकित्सालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मारण्याचा किंवा लाथ घालण्याचा उपाय केलेल्यांपैकी ४३ टक्के, उताणे पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि रोखून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्के मालकांनी कुत्रा त्यावर अंगावर आल्याचे सांगितले. मात्र हे कुत्रे मुळातच त्रासदायक म्हणून आणलेले होते. साऱ्या कुत्र्यांना हे आकडे लावता येणार नाहीत.

पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. धाकाच्या पद्धतीने शिकवणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल अधिक वाढले. इथेही कोणता कुत्रा कोणत्या वर्गात जाणार हे मालकांनी ठरवले होते, संशोधकांनी नव्हे. तेवढी शंका राहते. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी विजेच्या गळपट्ट्याविषयीचा ६३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बक्षिसावर भर देणाऱ्या शिकवणीचे परिणाम त्या गळपट्ट्यापेक्षा कुठेच कमी पडले नाहीत. काही बाबतींत सरसच ठरले. एकेकट्या अभ्यासात उणिवा आहेत, पण वेगवेगळ्या रीतींनी केलेले हे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. धाकाने जास्त शिकवले जाते असे दिसत नाही, आणि त्याची किंमत मात्र दिसते.

आमचा निष्कर्ष असा. मोस्ट यांच्याकडून वेळेचा नेमकेपणा घ्यावा आणि सक्ती सोडून द्यावी. न्यू स्कीटच्या साधूंकडून सहवास आणि वाढीच्या टप्प्यांची जाण घ्यावी. लांडगा त्यांनी स्वतःच परत नेला आहे. प्रायर यांची रीत हा रोजच्या शिकवणीचा पाया करावा, मात्र पिल्लाची जात आणि वय तिच्या जोडीला धरावे. ‘कधीही रागावू नका’ म्हणजे ‘काहीही करू द्या’ असा अर्थ कोणी घेऊ नये. चप्पल कपाटात ठेवणे, दार लावून घेणे, पिल्लू चावले की खेळ तिथेच थांबवणे हीदेखील शिस्तच आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला बाहेर नेले, तर नाक घासण्याचा प्रसंगच कमी येतो.

वर्गात करून पाहण्यासारखा एक खेळ प्रायर यांच्या पुस्तकात आहे. तयार असलेल्या एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. त्याने आत येऊन काय करायचे, समजा टेबलावरचे डस्टर उचलायचे, हे वर्गाने ठरवावे. तो आत आला की कोणी बोलायचे नाही. योग्य दिशेने पाऊल पडले की फक्त टाळी वाजवायची. दुसऱ्या फेरीत आमची एक भर घाला. नवे काम ठरवून टाळी बंद करा आणि प्रत्येक चुकीच्या पावलाला सर्वांनी ‘नाही!’ म्हणा. दोन्ही फेऱ्यांत किती वेळ लागला ते मोजा, आणि त्या विद्यार्थ्याला कोणत्या फेरीत काय वाटले ते त्यालाच सांगू द्या. मग गल्लीतल्या कुत्र्यांचे दुरून निरीक्षण करायला सांगा: कोण कोणासाठी वाट सोडतो, उताणा कोण होतो, त्याला कोणी पाडतो की तो आपणहून होतो? पिल्लांनाही हात लावायचा नाही, आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे आधी बजावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही.

निरीक्षणे झाल्यावर विद्यार्थ्यांच्या घरी आणि शेजारी चालणारे कुत्र्यांविषयीचे सल्ले फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न मांडा: हे कोणी, कोणता प्राणी, कुठे पाहून म्हटले? ज्यांची उत्तरे मिळणार नाहीत, ते सल्ले वहीत वेगळ्या पानावर उतरवून घ्यावेत. ते पान भरायला वेळ लागणार नाही.